यंत्रदेखभालीतील हाताच्या इजा

कारखान्यातील यंत्राची साफसफाई, तेलपाणी, दुरुस्ती किंवा डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलण्याचे काम करताना कामगाराच्या बोटांना, पंजाला वा मनगटाला होणाऱ्या इजा. एरवी यंत्राच्या धोक्याच्या भागावर जाळी असते. देखभालीसाठी नेमकी तीच काढावी लागते.

पत्राकामातील यांत्रिक पॉवर प्रेसवरून हा धोका नीट समजतो. मोटर फ्लायव्हील म्हणजे जड चाक फिरवते. क्लच लागला की त्याचा जोर रॅमला, म्हणजे वरखाली होऊन पत्र्यावर दाब देणाऱ्या भागाला, मिळतो. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील काही वेळ फिरतच राहते. तेवढ्यात अडकलेला तुकडा काढायला हात डायमध्ये गेला आणि पायाच्या पेडलला धक्का लागला, तर रॅम खाली येतो. जुन्या प्रेसमध्ये क्लच एकदा लागला की पूर्ण फेरी घेतो. स्ट्रोक अर्ध्यावर थांबवता येत नाही. फ्लायव्हील थांबल्यावरही वर राहिलेला रॅम वजनाने घसरू शकतो, म्हणून डाय बदलताना त्याखाली सेफ्टी ब्लॉक म्हणजे आधाराचा ठोकळा लावतात. फिरत्या शाफ्टजवळ सैल बाही किंवा हातमोजाच हाताला आत ओढतो. भारताच्या कारखाने अधिनियम, 1948 मधील कलम 22 ने चालू यंत्राजवळची अशी कामे प्रशिक्षित, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या कामगारापुरती मर्यादित केली होती, ती याच कारणाने.

हायड्रॉलिक होजच्या (जोरदार दाबाचे तेल वाहणाऱ्या नळीच्या) बारीक छिद्रातून उडालेले तेल त्वचेखाली शिरते, तेव्हा बाहेर फक्त टाचणीएवढी खूण दिसते. ती किरकोळ समजून पट्टी बांधणे घातक आहे. तातडीची शस्त्रक्रिया लागते.

प्रतिबंधाचा खात्रीचा मार्ग लॉकआऊट-टॅगआऊट, म्हणजे यंत्र बंद करून कुलूप आणि सूचनेची चिठ्ठी लावणे. मेन स्विचला प्रत्येक कारागीर स्वतःचे कुलूप लावतो, किल्ली स्वतःजवळ ठेवतो, साठलेला दाब सोडतो आणि यंत्र चालू होत नाही ना, हे बटण दाबून पाहतो. अमेरिकेत 1989 साली याचे स्वतंत्र मानक आले. उत्पादनाच्या घाईत कुलपासाठी वेळच न देता अपघातानंतर कामगाराला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे आहे.

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या अनुसूचीत अंगठा गेल्यास कमाईक्षमतेची हानी 30 टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास 14 टक्के धरली होती. तिथे व्यवसायाचा भेद नव्हता. फिटरचे कसब मात्र याच दोन बोटांच्या चिमटीत असते.

तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात आणि ते पुन्हा जोडण्याची शक्यता घटते.