भूमापन नोंदींचे संगणकीय व्यवस्थापन

जागेवर घेतलेली मोजमापे सॉफ्टवेअरमध्ये भरणे, तपासणे, त्यांवरून बिंदूंचे सहनिर्देशक (स्थान दाखवणारे आकडे) काढणे आणि नकाशा पुरा झाल्यावरही मूळ नोंदी जपून ठेवणे, असे या कामाचे स्वरूप आहे.

टोटल स्टेशन हे भूमापनाचे इलेक्ट्रॉनिक उपकरण मुळात तीनच गोष्टी मोजते : आडवा कोन, उभा कोन आणि तिरके अंतर. उपकरणाची उंची, प्रिझमची (बिंदूवर काठीला लावून धरलेल्या परावर्तकाची) उंची, स्टेशन (उपकरण उभे केलेला बिंदू) व बॅकसाइट (दिशा ठरवण्यासाठी पाहिलेला ज्ञात बिंदू) यांचे क्रमांक, बिंदू कशाचा आहे ते सांगणारा कोड हे सारे माणूस भरतो, आणि चुका बहुधा तिथूनच शिरतात. झुडपाआड प्रिझम दिसेना म्हणून काठी १.५ मीटरवरून २ मीटर केली आणि नोंद तशीच राहिली, तर पुढचा प्रत्येक बिंदू अर्धा मीटर उंच दिसतो. मूळ निरीक्षणांची फाइल हाताशी असेल तर त्या ठिकाणापासून उंची बदलून पुन्हा गणित करता येते. फक्त सहनिर्देशकांची यादी ठेवली असेल, तर चूक कुठून सुरू झाली हेही कळत नाही. म्हणून मूळ फाइलला हात न लावता दुरुस्त्या प्रतीवर, कारणासह कराव्यात.

फील्ड बुकातून हाताने नोंदी भरताना कोनाची लेखनपद्धत घात करते. अनेक प्रणालींत ४५.३०२० म्हणजे ४५ अंश ३० मिनिटे २० सेकंद. तोच आकडा दशांश अंश म्हणून वाचला गेला, तर १०० मीटरवर बिंदू सुमारे ३५ सेंटिमीटर सरकतो. ही चूक नकाशावर चटकन दिसत नाही. उत्तर आणि पूर्व सहनिर्देशकांची अदलाबदल त्या मानाने बरी. सगळा नकाशाच आरशातल्यासारखा उलटा दिसतो.

एककांचेही तसेच. अमेरिकी सर्वेक्षण फूट व ०.३०४८ मीटरचा आंतरराष्ट्रीय फूट यांत दहा लाखांत दोन भागांचा फरक आहे. सहनिर्देशक २० लाख फुटांच्या घरात असले की तो ४ फूट होतो. जीएनएसएसचे (उपग्रहांवरून काढलेले) बिंदू यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणात आणि टोटल स्टेशनची अंतरे जमिनीवरची असतील, तर प्रक्षेपणाच्या पट्ट्यातील मध्य रेखावृत्ताजवळ ०.९९९६ या गुणकामुळे किलोमीटरमागे ४० सेंटिमीटरची तफावत येते.

ट्रॅव्हर्स (एकामागून एक मोजलेल्या बाजूंची साखळी) ज्ञात बिंदूवर आणून बंद केल्यावर उरलेली चूक बाउडिचच्या नियमाने बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटतात. न्यूनतम वर्ग पद्धतीत प्रत्येक निरीक्षणाला त्याच्या अचूकतेनुसार वजन मिळते. दोन्ही पद्धती लहानसहान, अटळ चुकांसाठी आहेत. चुकीचा बॅकसाइट अशा समायोजनाने (चूक वाटून देण्याने) सुधारत नाही. त्याची चूक फक्त बाकीच्या बिंदूंवर पसरते.

कोडांची शिस्त असली तर झाड, खांब, कुंपण नकाशाच्या आपापल्या थरात आपोआप जातात आणि कुंपणासारख्या रेषेच्या कोडाचे बिंदू रेषेने जोडले जातात. बिंदू क्रमांक मात्र दोन पथकांनी आधीच वाटून घ्यावेत. नाहीतर दोन्ही फाइली एकत्र करताना दुसऱ्या पथकाचा १०१ पहिल्याच्या १०१ वर चढू शकतो.