छापील किंमत (औषधांची)

गोळ्यांच्या स्ट्रिपवर ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ म्हणून छापलेला आकडा. बोलण्यात एमआरपी. दुकानदाराने याहून जास्त घ्यायचे नाहीत, एवढाच तिचा अर्थ. गिऱ्हाईक मात्र तिलाच औषधाचा भाव समजते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

या किमतीवर औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ लागू आहे. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवते: बाजारात किमान १ टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडच्या दुकानदारासाठीच्या दरांची सरासरी, त्यावर दुकानदाराचे १६ टक्के. जीएसटी वेगळा. यादीबाहेरच्या औषधांची पहिली किंमत कंपनी स्वतः ठरवते. पुढे वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. म्हणजे मुळात अवाच्या सवा लावलेला आकडा कायद्याने चुकीचा ठरत नाही. काही ब्रँडेड जेनेरिकांच्या, म्हणजे पेटंट संपलेल्या औषधाला कंपनीने आपले नाव देऊन विकलेल्या गोळ्यांच्या, बाबतीत दुकानदाराची खरेदी आणि छापील किंमत यांत कित्येक पटींचे अंतर असते. ‘२० टक्के सूट’ची पाटी वाचून खूश होणाऱ्याला खरेदीचा दर कुठेच दिसत नाही.

सांगली जिल्ह्यात हा व्यवहार पाहायचा तो मिरजेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून, म्हणजे १८९४ पासून, मिरज उपचारांचे गाव झाले. सीमेपलीकडून कर्नाटकातलेही रुग्ण येतात. दवाखान्याच्या खालीच मेडिकल. चिठ्ठी काउंटरवर सरकवायची आणि ‘किती झाले?’ विचारायचे. गाडी गाठायची घाई असलेला माणूस दुसऱ्या दुकानात भाव विचारायला जात नाही. आणि चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असताना विचारून तरी काय करणार?

सुट्या गोळ्यांची गंमत वेगळी. बॅच क्रमांक, मुदत आणि किंमत बहुधा स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेली असतात. दुकानदार कात्री चालवतो ती दुसऱ्या टोकाकडून, कारण उरलेल्या गोळ्यांची मुदत त्यालाही कळायला हवी. कारण रास्त आहे, पण गिऱ्हाइकाच्या हाती किंमत नसलेला तुकडा येतो. आदेशानुसार सुट्या गोळ्यांचा दर पूर्ण स्ट्रिपच्या प्रमाणाहून जास्त नसावा: १५ गोळ्यांवर ९० रुपये छापले असतील, तर ४ गोळ्यांचे फार तर २४. सुट्या पैशांअभावी २५ होतात, कधी वर एक चॉकलेट येते.

कंपनीकडून आलेले दरपत्रक दुकानात सहज पाहता येईल असे लावणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ते मागणारे गिऱ्हाईक विरळाच. प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या मोबाइल अॅपवर ब्रँडनुसार किमती पाहता येतात. बिल मात्र मागून घ्यावे. दुकानातच राहिलेल्या टोकावरचा बॅच क्रमांक आणि मुदत त्यावर असते, आणि गावी पोचल्यावर उरलेल्या गोळ्या परत करायच्या झाल्या तर दुकानदार आधी तेच मागतो.