गालावरची नथीची सावली

लग्नाचा अल्बम हाती आला की एकदा नवरीच्या गालाकडे नीट निरखून पाहा. फ्लॅश थेट तोंडावर मारलेला असेल, तर नथीतल्या मोत्यांची काळीकुट्ट, कात्रीने कापल्यासारखी सावली तिथे दिसते. मुंडावळ्यांच्या प्रत्येक सरीमागे आणखी एक काळी सर असते, कपाळ तेल लावल्यासारखं चकाकतं आणि मागच्या भिंतीला नवरा-नवरीच्या काळ्या आकृत्या चिकटलेल्या असतात. त्याच कार्यालयात, त्याच फ्लॅशने काढलेला दुसरा फोटो मात्र असा असतो, की नथीखाली फक्त हलकीशी करडी छटा आहे आणि गालाची गोलाई जिथल्या तिथे आहे. दोन्ही फोटोंत चेहऱ्यावर पोचलेला प्रकाश जवळजवळ सारखाच आहे. मग बदललं काय?

फोटोग्राफर पहिल्या प्रकाशाला ‘हार्ड’ आणि दुसऱ्याला ‘सॉफ्ट’ म्हणतात. सॉफ्ट म्हणजे कमी केलेला, गाळून घेतलेला प्रकाश, असा समज फार पक्का आहे. ‘फ्लॅशवर रुमाल बांध, लाइट सॉफ्ट होईल’ हा सल्ला मला प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी देतंच, आणि बरीच वर्षं मी तो मानतही होतो. रुमालाने प्रकाश कमी होतो हे खरं, पण सावलीची कड तेवढीच धारदार राहते. का, ते उन्हात उभं राहिलं की कळतं.

सकाळी दहाच्या सुमारास विजेच्या खांबाची सावली पाहा. बुंध्याजवळ तिची कड रेखीव असते, टोकाकडे जाताना ती पुसट होत जाते. वरच्या तारांची सावली तर शोधावीच लागते. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची ती एक तबकडी आहे. सावलीच्या कडेजवळच्या जागेवरून पाहिलं तर या तबकडीचा थोडा भाग झाकलेला आणि थोडा उघडा असतो. शाळेत शिकलेली उपच्छाया ती हीच. सूर्याच्या बाबतीत तिची रुंदी वस्तू आणि सावली यांमधल्या अंतराच्या साधारण शंभराव्या भागाइतकी भरते. तार जमिनीपासून किरणांच्या तिरक्या वाटेने १० मीटर दूर असेल, तर उपच्छाया झाली ९-१० सेंटीमीटरची. तार स्वतः जेमतेम सेंटीमीटरभर जाड, त्यामुळे तिची सावली विरून जाते.

आता हेच गणित गालावर करू. उपच्छायेची रुंदी काढायची, तर दिव्याच्या रुंदीला वस्तू ते सावली या अंतराने गुणायचं आणि दिवा ते वस्तू या अंतराने भागायचं. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशचं तोंड साधारण ७ सेंटीमीटर रुंद असतं. नवरी २ मीटरवर उभी आहे आणि नथीचा मोती गालापासून २ सेंटीमीटर पुढे आला आहे असं धरलं, तर उत्तर येतं ०.७ मिलिमीटर. एवढी अरुंद उपच्छाया डोळ्याला जाणवतच नाही, म्हणून कड सुरीसारखी दिसते. त्याऐवजी मीटरभर रुंदीची पांढरी छत्री चेहऱ्यापासून मीटरभरावर धरली आणि फ्लॅश तिच्यात मारला, तर तीच उपच्छाया २ सेंटीमीटर होते.

गालावर त्या सावलीच्या जागी एक मुंगी बसली आहे असं समजा. ५ मिलिमीटरचा मोती तिच्यापासून २ सेंटीमीटरवर, म्हणजे तिला तो सुमारे १४ अंशांचा दिसतो. त्यामागचा उघडा फ्लॅश फक्त २ अंशांचा. मुंगीसाठी हे खग्रास ग्रहण झालं आणि गालाचा तेवढा तुकडा काळा पडला. छत्री मात्र तिला पन्नासेक अंश पसरलेली दिसते. मोती मध्ये आला तरी भोवतीचं सगळं कडं उघडंच राहतं, म्हणजे कंकणाकृती ग्रहण. छत्री पूर्ण झाकली जाईल अशी जागाच गालावर उरत नाही. सावली काळी व्हायची तरी कुठे?

प्रकाशाचा मऊपणा ठरतो तो गालावरून दिवा केवढा दिसतो यावर. दिव्याचा खरा आकार, कापडाची जाडी, प्रकाश किती मंद आहे, यांतल्या कशावरही तो थेट अवलंबून नाही. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, पण १५ कोटी किलोमीटरवरून तो अर्ध्या अंशाचाच दिसतो आणि दुपारचं ऊन चेहऱ्यावर फ्लॅशइतकंच, किंबहुना जास्तच कठोर पडतं. श्रावणात ढग दाटले की तोच सूर्यप्रकाश ढगातल्या सूक्ष्म थेंबांवरून विखुरतो, सगळं आकाश हाच दिवा होतो आणि माणसाच्या पायाशी सावली उरत नाही.

रुमालाचं असं आहे. तो फ्लॅशच्या तोंडाला चिकटून बसला की चमकणारी जागा पुन्हा तेवढीच, ७ सेंटीमीटरची. फ्लॅशवर बसवायचं पांढरं प्लॅस्टिकचं टोपणही फार तर बोटभर मोठं असतं. खोलीत त्याचा फायदा दिसतो, कारण ते प्रकाश चहूकडे फेकतं आणि भिंती, छत तो परत पाठवतात. काम भिंती करतात, श्रेय टोपणाला मिळतं. उघड्या लॉनवर परत पाठवायला काहीच नसतं. तिथे टोपण लावणं म्हणजे बॅटरी फुकट घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून बंद जागेत सगळ्यात चांगला डिफ्युझर, म्हणजे प्रकाश पसरवणारं साधन, म्हणजे पांढरं छत. फ्लॅश दीड मीटर उंचीवर आहे, छत साडेतीन मीटरवर आहे आणि झोत मध्यम पसरट आहे, तर छतावर सुमारे पावणेदोन मीटर रुंदीचा उजेडाचा चट्टा पडतो. आता नवरीच्या दृष्टीने दिवा म्हणजे हा चट्टा. ७ सेंटीमीटरचा दिवा एका क्षणात पंचवीस पट रुंद झाला.

हे जमतं ते छत खरखरीत पांढरं असतं म्हणून. साखरेचा खडा पारदर्शक असतो, पण पिठीसाखर पांढरीशुभ्र दिसते, कारण असंख्य बारीक कणांच्या पृष्ठभागांवर प्रकाश पुन्हा पुन्हा वळतो, फारसा शोषला न जाता वाट्टेल त्या दिशेने बाहेर पडतो. चुन्याच्या भिंतीत हेच घडतं. असा आदर्श मॅट पृष्ठभाग कुठूनही पाहिला तरी सारखाच उजळ दिसतो, हे योहान लँबर्टने १७६० साली मांडलं. आरशाचं तसं नाही. छताला आरसा लावून त्यावर फ्लॅश मारला, तर आरशात दिसते ती फ्लॅशचीच छोटी प्रतिमा, तीही आणखी दूर गेलेली, म्हणजे सावली उलट जास्तच धारदार. चकचकीत ऑइलपेंटची भिंत या दोन्हींच्या मधली, म्हणून साधा डिस्टेंपर बरा. रंगही बघावा लागतो. मांडवाला लाल-पिवळं कापड ताणलेलं असेल, तर परत येणारा प्रकाश तोच रंग घेऊन येतो आणि हळद न लावताही सगळे पिवळे होतात.

या युक्तीच्या इतिहासातला एक भारतीय प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटासाठी बनारसमधल्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचा होता. बन्सी चंद्रगुप्त यांनी सेट बांधला, पण पंचविशीतले छायालेखक सुब्रत मित्र अस्वस्थ होते. अशा चौकात उजेड फक्त वरून, उघड्या आकाशातून उतरतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्याचा चौक ज्याने पाहिला आहे, त्याला तो उजेड लगेच आठवेल. त्यात सावल्या जवळपास नसतातच. स्टुडिओचे दिवे थेट टाकले असते तर प्रत्येक खांबाला दोन-दोन सावल्या फुटल्या असत्या. सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिव्यांचा प्रकाश त्यावर मारून परत खाली आणला. कापडाचं आकाश झालं. तो चौक स्टुडिओतला आहे यावर आजही पाहताना विश्वास बसत नाही.

सावलीइतकीच महत्त्वाची गोष्ट कपाळावरच्या चकाकीची. घामाचा आणि तेलाचा पातळ थर थोडासा आरशासारखा वागतो, पडलेल्या प्रकाशापैकी ३-४ टक्के सरळ परावर्तित करतो. उघडा फ्लॅश आकाराने लहान आणि अतिशय झगझगीत असल्याने त्याची ती अल्प प्रतिमाही कातडीवर पांढरा ठिपका होऊन उमटते. छतावरच्या चट्ट्याचं क्षेत्रफळ काही शेकडो पट मोठं, म्हणजे चेहऱ्यावर तेवढाच प्रकाश पाडताना त्याचा प्रत्येक भाग शेकडो पट मंद. चकाकी नाहीशी होत नाही, ती पसरून कातडीच्या रंगात मिसळते. शालूची जर म्हणूनच अशा प्रकाशात रेशमासारखी दिसते, थेट फ्लॅशमध्ये नुसती ठिणग्यांसारखी.

पंगतीच्या फोटोत आणखी एक फरक पडतो. थेट फ्लॅश मारला की २ मीटरवरचा पाहुणा पांढराफटक आणि ६ मीटरवरचा अंधारात, कारण अंतर तिप्पट झालं की प्रकाश नवव्या हिश्श्यावर येतो. फ्लॅश पुढे तिरका करून पंगतीच्या मधल्या भागावरच्या छतावर मारला, तर हा फरक बराच आटोक्यात येतो.

किंमत अर्थात मोजावी लागते. छतावरून येताना दोन-तीन स्टॉप जातात (एक स्टॉप गेला की प्रकाश निम्मा होतो), म्हणजे चौथा ते आठवा हिस्साच हाती उरतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, २०० वरून १६०० केला की तीन स्टॉप भरून निघतात आणि आजच्या कॅमेऱ्यांना ते सहज झेपतं. फ्लॅश सरळ वर करू नये, कारण प्रकाश डोक्यावरून उतरला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. जरा मागे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवावा, आणि वर एक पांढरं कार्ड लावावं, म्हणजे थोडा प्रकाश सरळ जाऊन डोळ्यांत चमक येते. लॉनवर छत नसतं, तिथे छत्री, सॉफ्टबॉक्स (फ्लॅशपुढे लावायची पांढऱ्या कापडाची मोठी पेटी) किंवा कोणाच्या तरी हातातला थर्माकोलचा मोठा पत्रा. तो फोटोत न येईल इतका पण शक्य तितका जवळ धरायला सांगावं. तोच पत्रा ४ मीटर दूर नेला की गालावरून तो पुन्हा लहान दिसतो आणि सावलीची धार परत येते.

हे पडताळायला कॅमेराही लागत नाही. रात्री खोलीतले दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि भिंतीपासून चार बोटं अंतरावर दुसरा हात धरा. बोटांच्या सावल्या टोकदार दिसतील, नखाची कडसुद्धा मोजता येईल. आता टॉर्च छताकडे फिरवा. डोळे सरावायला काही क्षण लागतील. मग भिंतीवर बोटं शोधा, तिथे फक्त एक धूसर डाग असेल.