पार्श्वभूमी : माहितीपटाचा कॅमेरा आणि बारा मिनिटांची अडचण

सोलापुरात माहितीपटासाठी कॅमेरा कोणता, हे बहुतेक वेळा लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. भाड्यानं मिळतो तो त्यांचाच. त्यामुळे आजची निवड समजून घ्यायची तर लग्नवाल्यांनी कॅमेरा का बदलला, तिथून सुरुवात करावी लागते.

फिल्मचा काळ थोडक्यात सांगतो. १६ मिमीचं चारशे फुटांचं रीळ सेकंदाला २४ चौकटींनी जेमतेम ११ मिनिटं चाले आणि आवाज वेगळ्या यंत्रावर घ्यावा लागे. १९९५ मध्ये सोनीचा व्हीएक्स-१००० आला. मिनीडीव्हीची तासाभराची कॅसेट, आणि चित्रण केबलनं थेट संगणकात. सोनीच्याच २००० च्या पीडी-१५० ला एक्सएलआर माइकही, म्हणजे तीन पिनांच्या व्यावसायिक जोडणीचा माइक, लावता येई. मुलाखतीसाठी याहून मोठी सोय झालेली नाही, असं माझं मत आहे. गिरणीतला जुना कामगार भोंग्यापासून सुरू करतो, पगार, बोनस, संप असं करत चाळिसाव्या मिनिटाला मनातलं बोलतो. तोवर कॅमेरा चालू राहिला पाहिजे.

२००८ मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि सगळं फिरलं. स्थिरचित्रांच्या या कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) ३६ बाय २४ मिमीचा, म्हणजे हँडिकॅमच्या सेन्सरच्या कितीतरी पट मोठा. त्यामुळे नवरा-नवरी स्पष्ट, मागचा मांडव धूसर. लग्नवाल्यांना हेच हवं होतं आणि त्यांचा निर्णय त्यांच्या कामापुरता बरोबरच होता. माहितीपटवाले मात्र त्या धूसर पार्श्वभूमीला भुलले, असं मला आजही वाटतं. विणकराच्या मागचा माग धूसर करून काय मिळवायचं? तोच तर दाखवायचा असतो.

शिवाय सलग चित्रण साधारण १२ मिनिटंच. एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नसे. म्हणजे तासाची कॅसेट सोडून आपण पुन्हा रिळाच्या हिशेबात आलो. पुढच्या कॅमेऱ्यांत फाइलची अडचण सुटली, तरी २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा उरली. तिचं कारण तांत्रिक नव्हतं. ३० मिनिटं किंवा जास्त सलग चित्रण करणारं यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जादा आयातशुल्क बसे. तिकडचा कर वाचवण्यासाठी इकडच्या मुलाखती तुटत होत्या.

यंत्रमागाच्या शेडमध्ये आणखी एक त्रास झाला. सुरुवातीला या कॅमेऱ्यात ३० चौकटींचाच वेग होता आणि व्हिडिओत शटर, म्हणजे प्रत्येक चौकटीवर किती वेळ प्रकाश घ्यायचा हे, आपल्या हातात नव्हतं. आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद नसेल, तर चोकवाल्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे लहरतात. शटरचा ताबा कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या २००९ च्या सुधारणेत मिळाला आणि २५ चौकटी मार्च २०१० मध्ये. आवाजाचं दुखणं राहिलंच. मागाच्या खटखटाटात कॅमेऱ्यातला माइक निरुपयोगी, म्हणून कॉलर माइक आणि वेगळा रेकॉर्डर घेऊन नंतर जुळवणी करायची.

२०२१ च्या सोनी एफएक्स-३ मध्ये यातलं बरंचसं परत आलं : वेळेची मर्यादा नाही, आत पंखा, हँडलवर एक्सएलआर. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, पंख्याची किंमत कळते. बिनपंख्याचे लहान कॅमेरे ४के चित्रण करताना पत्र्याच्या शेडमध्ये तापून बंद पडतात.

असा कॅमेरा विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही, म्हणून पुन्हा लग्नवाल्यांच्याच दारात जायचं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला बहुधा पौष असतो, लग्नं नसतात. नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक टिपायला हवा तो कॅमेरा मिळतो. एप्रिल-मेमध्ये मागाच्या शेडचं काम धरलं, तर आधी पंचांगात लग्नतिथी बघाव्या लागतात.