अमळनेरला आलाच आहात, तर एक दिवस जास्त थांबा
(आमच्या लॉजवर उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी)

आमच्याकडे उतरणाऱ्या बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. सोमवारी रात्री यायचं, मंगळवारी पहाटे मंगळग्रह मंदिरात अभिषेक उरकायचा आणि दुपारची गाडी पकडायची. त्यामुळे सोमवारी रात्री खोली मिळणं मुश्कील आणि बुधवारी लॉज निम्मा रिकामा. म्हणजे हे पत्रक लिहिण्यात आमचा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण मंदिर बघून परत गेलेल्या माणसाने अमळनेर पाहिलं, असं आम्ही मानत नाही. गाव आहे ते बोरी नदीच्या काठाला.

मंदिराबद्दल थोडक्यात. ते चोपडा रोडला आहे, स्टेशनवरून रिक्षा मिळते. मंगळवारी रांग मोठी असते. पूजा-अभिषेक करायचा नसेल, नुसतं दर्शन हवं असेल, तर दुसऱ्या कोणत्याही वारी जा, निवांत होतं.

नदीकाठ आणि वाडी

बोरी ही तापीची उपनदी. वर पारोळा तालुक्यात तामसवाडीला धरण आहे, त्यामुळे पावसाळा सोडला तर पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. संत सखाराम महाराजांची समाधी या पात्रातच आहे. महाराजांनी 1818 मध्ये देह ठेवला. त्याच वर्षी इथल्या गढीतल्या अरब शिबंदीने इंग्रजांना ताबा द्यायला नकार दिला होता आणि त्यांना हटवायला फौज आणावी लागली होती. त्या जुन्या गावाची खूण म्हणून दगडी दरवाजा उभा आहे. बाजारातून जाताना वर मान करून एकदा जरूर बघा, खालच्या गर्दीत तो सहज नजरेतून सुटतो.

महाराजांच्या संस्थानाला गावात सगळे 'वाडी' म्हणतात. रिक्षावाल्याला नुसतं 'वाडीत सोडा' म्हटलं तरी पुरतं. आषाढीसाठी इथून दिंडी पायी पंढरपूरला जाते.

वैशाखातली यात्रा

वर्षात एकदाच यायचं असेल तर वैशाख शुद्ध एकादशीला या. त्या दिवशी रथ निघतो आणि पुढे पौर्णिमेला पालखी. पंचांगाप्रमाणे तारीख दरवर्षी बदलते, म्हणून कॅलेंडर बघूनच तिकीट काढा. यात्रेची दुकानं, पाळणे, गोडशेव-जिलेबीचे ठेले सगळे नदीच्या वाळूत लागतात.

रथ लाकडी, उंच, नखशिखांत सजवलेला. लोक दोर धरून तो ओढतात, पण खरा खेळ चाकांपाशी असतो. एवढ्या धुडाला ना ब्रेक ना स्टिअरिंग. चाकाबरोबर हातात लाकडी मोगरी घेऊन माणसं चालत असतात. रथ थांबवायचा की मोगरी चाकाखाली, वळवायचा की एका बाजूच्या चाकाखाली. ती सरकवायची वेळ नजरेने ठरते, हात पटकन मागे घ्यावा लागतो आणि हे काम वर्षानुवर्षांचा सराव असलेलेच करतात. अरुंद बोळात वळण घेताना अख्खी गल्ली श्वास रोखून चाकाकडे बघत असते. तुम्हीही बघा, पण लांबून. फोटोसाठी चाकाजवळ वाकू नका, लहान मुलांना दोरापासून दूर ठेवा.

वैशाखातलं ऊन म्हणजे खानदेशचं ऊन, पारा चाळीसच्या पुढे. दुपारी अकरा ते पाच खोलीतच पडून राहा आणि संध्याकाळी निघा. यात्रेच्या खोल्या आधी फोन करून ठेवाव्या लागतात. त्या दिवसांत आयत्या वेळी आलात तर आमचाही नाइलाज होतो.

आखाजी आणि कानबाई

हे दोन सण घराघरांतले आहेत, तिकीट काढून बघायचे नाहीत. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीइतकीच मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. पितरांसाठी घागर भरतात, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवतात. जेवणात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं भांडं. हातावर पसरत नेलेली भलीमोठी पोळी त्यावर टाकतात. हे काम बघायला मिळालं तर सोडू नका. काही गावांत बारागाड्याही, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या बारा बैलगाड्या, ओढल्या जातात.

कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. नारळाची देवी सजवून रात्रभर गाणी म्हणतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन होतं. मिरवणुकीत कुणीही नाचावं, कुणी अडवत नाही. मात्र रोटाचं, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचं जेवण भाऊबंदांपुरतंच असतं. कुणी ताटावर बोलावलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, रीतच तशी आहे.

शाळा, तत्त्वज्ञान आणि तूप

इथले गिरणीमालक प्रताप शेठजींनी 1916 मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापसाच्या पेठेत तत्त्वज्ञानाची संस्था, आणि तिथे अभ्यासाला देशभरातले विद्वान येऊन राहिले. साने गुरुजीही आधी इथेच शिकायला आले, मग 1924 पासून प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, वसतिगृह सांभाळलं आणि 1930 मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावात दोनदा भरलं, 1952 मध्ये आणि 2024 मध्ये. दुसऱ्या वेळी त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही इथेच होतं, त्यामुळे पाहुण्यांना दोन्हीकडे पळावं लागलं.

आणि विप्रो. आज सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाणारी ही कंपनी 1945 मध्ये अमळनेरलाच, वनस्पती तूप करण्यासाठी सुरू झाली. त्या वेळचे शेअर जपून ठेवलेली घरं गावात आहेत. पानटपरीवर उभे राहिलात तर कुणाच्या आजोबांनी शेअर ठेवले आणि कुणाच्या आजोबांनी विकले, ही चर्चा हमखास ऐकाल. त्यात पडू नका, संपत नाही.

खाणं

शेवभाजी बारा महिने मिळते. तिखट झेपत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा, नंतर दही मागून उपयोग नसतो. भरीत मात्र थंडीतच खावं. हिरवी भरताची वांगी तेव्हाच येतात, शेतात काड्यांच्या जाळावर भाजतात, मग हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात घालून ठेचतात. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. आदल्या दिवशी सांगितलंत तर आमच्याकडे करून मिळेल. चौघांपेक्षा कमी असाल तर चूल पेटवणं आम्हाला परवडत नाही.

जवळपास

- तापी-पांझरा संगमावर कपिलेश्वर महादेव, आपल्याच तालुक्यात नीमजवळ. महाशिवरात्रीला यात्रा. एरवी सकाळी जा.
- पारोळ्याचा भुईकोट किल्ला, 1727 सालचा. पडझड बरीच झाली आहे, पण खंदक अजून बघण्यासारखा.
- एरंडोलजवळ पद्मालय. एकाच गाभाऱ्यात उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती, बाहेर कमळांचं तळं.
- सारंगखेड्याचा घोडेबाजार, दत्तजयंतीला. लांब आहे, पूर्ण दिवस काढा.

रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर आहे. मनमाडवरून येणाऱ्या गाड्या इथे येत नाहीत, जळगावला उतरून गाडी बदलावी लागते किंवा एसटी धरावी लागते. धुळ्याहूनही एसटी मिळते.

फिरायला गाडी हवी असेल तर आदल्या संध्याकाळी आठपर्यंत काउंटरवर सांगा. पारोळा आणि पद्मालय एका दिवसात होतं. कपिलेश्वर त्यात कोंबू नका. खोली सोडल्यावर सामान संध्याकाळपर्यंत आमच्याकडे ठेवता येईल, त्याचे पैसे नाहीत.