ऑप्शनल संख्यांचे रूपांतर (स्विफ्ट–ऑब्जेक्टिव्ह-सी)

‘संख्या आहे’ किंवा ‘संख्याच नाही’ अशा दोन्ही शक्यता सांभाळणारा, स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेतला ‘इंट?’ हा ‘ऑप्शनल’ प्रकार (‘इंट’ म्हणजे पूर्णांक, ‘?’ म्हणजे ‘नसूही शकतो’) ऑब्जेक्टिव्ह-सी या जुन्या भाषेच्या कोडला वापरता यावा, यासाठी केले जाणारे रूपांतर. ॲपलने २०१४ मध्ये स्विफ्ट आणली ती जुन्या ऑब्जेक्टिव्ह-सीसोबत एकाच ॲपमध्ये नांदण्यासाठी, त्यामुळे हा प्रश्न पहिल्यापासूनचाच.

अडचणीचे मूळ मेमरीत आहे. ६४-बिट यंत्रावर ‘इंट’ ८ बाइटांचा असतो आणि त्यातली बिटांची प्रत्येक मांडणी ही कुठली तरी खरी संख्याच असते. ‘काही नाही’ लिहायला जागाच उरत नाही. म्हणून ‘इंट?’ ९ बाइटांचा होतो. ऑब्जेक्टिव्ह-सीत ‘निल’ (म्हणजे ‘काही नाही’) मिळते ते ऑब्जेक्टच्या पॉइंटरला, म्हणजे ऑब्जेक्ट मेमरीत कुठे आहे त्या पत्त्याला; ‘एनएसइंटिजर’सारख्या साध्या संख्येला नाही. परिणामी ‘स्ट्रिंग?’ (ऑप्शनल मजकूर) ऑब्जेक्ट म्हणून सुखरूप पलीकडे जाते, पण ‘इंट?’वर ‘@ऑब्जसी’ (‘हे ऑब्जेक्टिव्ह-सीला दिसू दे’ ही खूण) लावले की कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्रभाषेत नेणारा प्रोग्राम, अडवतो. नवख्याला हा पक्षपात वाटतो.

रूढ उपाय म्हणजे संख्या ‘एनएसनंबर’ या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळून ‘एनएसनंबर?’ पाठवणे. खरा धोका इथून पुढे सुरू होतो. ऑब्जेक्टिव्ह-सीत निलला ‘इंटिजरव्हॅल्यू’ (आतली पूर्णांक संख्या) विचारले तर ॲप कोसळत नाही, गुपचूप ० हाती येतो. फॉर्ममधला ‘अपत्ये किती?’ हा रकाना कोणी कोरा सोडला, तर नोंद ‘शून्य अपत्ये’ अशी होते. ‘[इंट?]’ हा ॲरे (अशा मूल्यांची यादी) पाठवला तर रिकाम्या जागी ‘एनएसनल’ हा ‘काही नाही’ दाखवणारा ऑब्जेक्ट येतो आणि त्याला तोच प्रश्न विचारताच ॲप बंद पडते. चुकीचा आकडा डेटाबेसात मुरण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

स्विफ्टच्या आधीच्या काळात ‘नाही’साठी –१ किंवा ‘एनएसनॉटफाउंड’ हे ठरावीक मूल्य वापरत. ‘एनएसनॉटफाउंड’चा आकडा ३२ आणि ६४ बिटांत वेगवेगळा असल्याने तो फाइलीत साठवू नये, असे ॲपलनेच बजावले आहे.

कोटलिन या दुसऱ्या भाषेचा कोड थेट यंत्रभाषेत नेणाऱ्या कोटलिन/नेटिव्हने याच वाटेने जाताना ‘इंट?’साठी ‘कोटलिनइंट’ हा ‘एनएसनंबर’चा उपवर्ग दिला, कारण आत नेमका कोणता संख्याप्रकार आहे हे नुसत्या ‘एनएसनंबर’वरून पक्के ठरत नाही. शिवाय कोटलिनचा ‘इंट’ ३२ बिटांचा असतो, त्यामुळे स्विफ्टला तो ‘इंट३२’ म्हणून दिसतो. जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या जेव्हीएमवर मात्र कोटलिनचे काम सोपे झाले: साध्या ‘इंट’सोबत जावाचा ‘इंटिजर’ हा ऑब्जेक्ट तिथे आधीपासूनच होता.