दोन संगणक, एकच फोल्डर: आरडिस्टपासून सिंकथिंगपर्यंत

फाइल मिरर करणाऱ्या, म्हणजे तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवणाऱ्या साधनांची तुलना बहुतेक वेळा वेगापाशीच थांबते. मला ती अपुरी वाटते. दोन यंत्रांवरच्या प्रतींत फरक पडला की खरी कोणती मानायची, याचा प्रत्येक साधनाचा निवाडा वेगळा आहे, आणि त्यामागे त्या त्या काळाची अडचण आहे.

१९८०च्या दशकात बर्कली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आरडिस्ट होते. मुख्य यंत्रावरची फाइल बदलली की ती अख्खी इतर यंत्रांवर जायची. खरे-खोटे ठरवायचा प्रश्नच नव्हता, मुख्य यंत्र म्हणेल ते खरे.

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक आणले. अडचण होती संथ लाइनची. त्यांची युक्ती मला आजही देखणी वाटते. जुनी प्रत असलेले यंत्र तिचे सारख्या लांबीचे तुकडे पाडते आणि प्रत्येकाचे दोन चेकसम, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे, पाठवते: एक ३२ बिटांचा, झटपट निघणारा, दुसरा १२८ बिटांचा, भक्कम. पलीकडचे यंत्र नव्या फाइलवर तेवढ्याच लांबीची खिडकी एकेक बाइट सरकवत जाते. प्रत्येक पावलाला छोटा चेकसम मुळापासून काढावा लागत नाही. मागे सुटलेला बाइट वजा करायचा, पुढे आलेला मिळवायचा. छोटा जुळला तरच मोठा तपासायचा. त्यामुळे फाइलच्या तोंडाशी एक अक्षर घुसवून पुढचे सगळे सरकले, तरी जुने तुकडे ओळखू येतात आणि लाइनवरून जवळपास नवा मजकूरच जातो.

दिशा मात्र एकच राहिली. स्रोतात नसलेले पलीकडूनही पुसणारा 'डिलीट' पर्याय लावला आणि स्रोताची डिस्क माउंट व्हायची, म्हणजे यंत्राला जोडली जायची राहून गेली, तर रिकाम्या फोल्डरचा आरसा तयार होतो, म्हणजे पलीकडचेही पुसले जाते. आधी 'ड्राय-रन', म्हणजे काहीही न बदलणारी रंगीत तालीम करून यादी वाचावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. विंडोजमध्ये व्हिस्टापासून अंगभूत आलेल्या रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या साधनाच्या मिरर पर्यायालाही हेच लागू आहे.

मग लोक दोन्ही यंत्रांवर काम करू लागले. एखादी फाइल इकडे आहे आणि तिकडे नाही, तर ती इकडे नवी आली की तिकडे पुसली गेली? नुसत्या दोन फोल्डरांकडे बघून हे कळत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने घडलेले युनिसन म्हणूनच मागच्या सिंकच्या, म्हणजे दोन्ही प्रती जुळवल्याच्या, वेळची स्थिती नोंदवून ठेवते. दोन्हीकडे एकच फाइल बदललेली असेल, तर ते आपल्यालाच विचारते.

२००८ साली ड्रॉपबॉक्स ही इंटरनेटवरची सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि सिंक आपोआप, पण मधल्या सर्व्हरमार्फत होऊ लागले. तो सर्व्हर नको असणाऱ्यांसाठी २०१३ मध्ये सिंकथिंग आले. ते सतत चालू असल्यामुळे थांबून विचारत बसत नाही. दोन्हीकडे बदललेल्या फाइलींपैकी जुन्या वेळेची प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असे नाव लावून शेजारीच ठेवते, आणि एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडे बदललेली असेल, तर २०२५ मधल्या २.० आवृत्तीपर्यंत ते बदललेली राखत असे.